ओल्ड-टाइम बँडसाठी मंच लावताना

छोट्या महोत्सवात ओल्ड-टाइम, म्हणजे अमेरिकेतलं जुनं लोकसंगीत वाजवणारा बँड येणार असेल, तर रॉक बँडसाठी आखलेला मंचाचा नकाशा आधी बाजूला ठेवा. अशा महोत्सवांत मंच आणि आवाज मी सांभाळते. या वादकांना एकमेकांपासून लांब उभं केलं की त्यांच्या संगीतातला जीवच जातो, असं माझं ठाम मत आहे. ब्लूग्रास या त्याच्याशी नातं असलेल्या अमेरिकी शैलीत वादक आळीपाळीने पुढे येऊन एकट्याची करामत दाखवतात. अमेरिकेच्या पूर्वेकडल्या अ‍ॅपलाचिया या डोंगराळ भागातल्या ओल्ड-टाइम परंपरेत मात्र फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजो (कातडं मढवलेलं, लांब दांड्याचं तंतुवाद्य) एकच धून मिळून, आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहतात; गिटार आणि डबल बास ठेका धरतात. बँजोवादकाला फिडलचा गज दिसायलाच हवा.

म्हणून मधोमध एकच चांगला कंडेन्सर माईक लावा आणि मंडळींना त्याच्याभोवती अर्धवर्तुळात उभं करा. अशा माईकला केबलमधूनच वीज लागते, म्हणून मिक्सरवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू हवी. मी माईक फिडलरच्या हनुवटीच्या जरा खाली ठेवते. फिडल आणि गिटार जवळ, बँजो एक पाऊल मागे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे इथे मिक्सरच्या बटणांपेक्षा वादकांचे पाय जास्त काम करतात. कोणी गाणार असेल तर तो पुढे सरकतो, बाकीचे मागे होतात. सरावलेल्या बँडला हे सांगावंही लागत नाही. बासला तेवढा वेगळा पिकअप (वाद्यालाच लावायचा आवाजग्राहक) किंवा माईक द्या. स्पीकर माईकच्या बरेच पुढे ठेवा आणि मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेले स्पीकर, शक्यतो बंदच. लोक यायच्या आत आवाज हळूहळू वाढवत न्या, कुठल्या कंपनाला शिट्टी बसते ते हेरा आणि ती पट्टी इक्वलायझरवर खाली करा. मैदानात वारा असतो, माईकवर फोमची टोपी विसरू नका.

आता सेटचा क्रम. माझ्या मते निम्मा कार्यक्रम इथेच जमतो किंवा फसतो. हे वादक स्वराची पट्टी बदलली की तारा नव्याने लावतात. ए म्हणजे पांढरी सहामध्ये फिडल बहुधा ए-ई-ए-ई लावलेली असते. तिथून डीमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये जायचं तर ए-डी-ए-ई करायला एकच तार उतरवावी लागते. बँजोच्या दोन तारा बदलतात, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या पडद्यावर तसाच राहतो. पण दर धुनेला पट्टी बदलली तर श्रोते नुसतं खुंट्या पिळणं बघत बसतात. तेव्हा बँडप्रमुखाला आधीच विनंती करा: ४० मिनिटांच्या सेटमध्ये आधी एच्या तीन-चार धुना, मग डीच्या, शेवटी जी म्हणजे पांढरी पाचच्या.

तारा लावण्याची ती दोन मिनिटं निवेदनाला द्या. धून कोणाकडून आली ते सांगायला लावा. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यातले फिडलर टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) यांच्या वादनातून किती धुना आजच्या बँडांपर्यंत पोचल्या आहेत! त्याच राज्यातले कृष्णवर्णीय फिडलर जो थॉम्पसन (१९१८–२०१२) यांच्याकडे बसून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड शिकला. बँजोचं मूळ आफ्रिकेत आहे, गुलाम करून आणलेल्या माणसांनी ते वाद्य अमेरिकेत घडवलं, हेही मंचावरून स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. नाहीतर ऐकणाऱ्यांचा समज होतो की हे सगळं एकाच रंगाच्या लोकांचं.

स्क्वेअर डान्स (चार जोड्यांनी चौकोनात करायचा नाच) ठेवणार असाल तर नाचाच्या चाली पुकारणाऱ्या कॉलरला स्वतंत्र माईक द्या, आणि त्याच्यापुरता एक मॉनिटर चालू ठेवा. त्याला फिडल ऐकू आली नाही तर नाचणारे चुकतात. जमीन लाकडी फळ्यांची हवी. एकच धून बराच वेळ चालते, वेळापत्रकात तेवढी जागा सोडा.

मंचामागे सावली हवीच. उन्हात लाकूड आणि तारा तापतात, दमट हवेत बँजोचं कातडं सैल पडतं.

आणि सेट संपला की बँडला लगेच निरोप देऊ नका. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात गॅलॅक्स या गावी १९३५ पासून फिडलरांचा मेळावा भरतो, तिथे स्पर्धेइतकंच वादन गाड्यांच्या आणि तंबूंच्या आजूबाजूला रंगतं. तुमच्याकडेही मंचाचा आवाज पोचणार नाही इतक्या लांब एक कोपरा गोल बसून वाजवण्यासाठी राखा. नवख्यांना दोनच गोष्टी सांगा: धून माहीत नसेल तर बाहेरच्या रांगेत बसून हलक्या हाताने वाजवा, आणि धून सुरू करणाऱ्याने पाय उचलला की हे शेवटचं आवर्तन समजा. खुर्च्या तेवढ्या बिनहाताच्या मागवा, गज आणि कोपर अडकत नाहीत.