पुण्यात राहून गावच्या घराच्या स्लॅबवर लक्ष कसं ठेवलं

आम्ही दोघं नोकरीला पुण्यात आणि घराचं काम साताऱ्याकडं गावी, त्यामुळं मिस्त्री व्हॉट्सअॅपवर फोटो टाकेल तेवढंच दिसायचं. स्लॅब टाकून झाला, पण रोज पाणी मारतायत का नाही ते फोटोत कळेना, आणि आमचं सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, त्याला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं कमीत कमी 10 दिवस ओलावा पाहिजे, कोरड्या कडक उन्हात तर 14 पर्यंत ठेवलेला बरा. मग बायकोनं सुचवलं की नुसता पाइप मारण्यापेक्षा स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवून ठेवायचं आणि शेजारच्या काकांनी सकाळ-संध्याकाळ वरून व्हिडीओ कॉल लावायचा. पाणी आहे का नाही लगेच दिसतं, कुणाला विचारत बसायला नको, मिस्त्रीशी वादही नाही. खरंच फार उपयोग झाला. आता वरच्या कॉलमना ओली पोती गुंडाळायला सांगितलीयत.