बाळंतपणाची रजा आणि घराचा जमाखर्च: पैसा नेमका कोणत्या महिन्यात कमी पडतो

रजेच्या काळात घरात एकूण किती पैसा कमी येणार, याचा हिशेब बहुतेक जोडपी करतात. तो कोणत्या महिन्यात कमी येणार, हे मात्र क्वचितच कुणी मांडतं, आणि ओढाताण होते ती तिथेच. रजेची रक्कम मंजूर झालेली असते, पण खात्यात पडलेली नसते. घराचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो. म्हणून या तयारीत सर्वांत महत्त्वाचा आहे तो एक महिनावार तक्ता. बाकीची बरीचशी कामं त्यात बरोबर आकडे भरता यावेत म्हणून करायची आहेत.

रजेचा पगार म्हणजे नेमका किती?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या कराराने किमान १४ आठवडे रजा आणि आधीच्या कमाईच्या किमान दोन तृतीयांश रक्कम असा मापदंड घालून दिला आहे. प्रत्यक्षात देशोदेशी चित्र फार वेगळं दिसतं. भारतात पात्र नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे सरासरी पगाराच्या दराने रजा मिळते. ब्रिटनमध्ये कायद्याने ३९ आठवडे पैसे मिळतात: पहिले ६ आठवडे कमाईच्या ९० टक्के, पुढचे ३३ आठवडे एक ठरावीक रक्कम किंवा ९० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. त्यापुढचे १३ आठवडे बिनपगारी. अमेरिकेत केंद्रीय कायदा पात्र कर्मचाऱ्याला १२ आठवडे देतो, पण त्यांचा पगार देण्याची सक्ती करत नाही. तुमची रजा पूर्ण पगाराची आहे, पायरीपायरीने कमी होणारी आहे की बिनपगारी, हे आधी पक्कं करा.

त्यानंतर नोकरीच्या ठिकाणी पुढचे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरंही लेखी घ्या:

- रजेचा पगार कोणत्या महिन्यांच्या सरासरीवर काढतात? त्यात भत्ते, जादा कामाचे पैसे, प्रोत्साहन रक्कम धरतात का?
- पैसे दर महिन्याला येतात की एकरकमी? पहिली रक्कम कोणत्या तारखेला?
- पगारातून परस्पर कापले जाणारे कर्जाचे हप्ते आणि विम्याचे प्रीमियम रजेत कोण भरणार?
- निवृत्तीनिधीतला मालकाचा वाटा चालू राहतो का?
- शिल्लक रजा जोडून घेता येते का?
- रजेनंतर ठरावीक काळ काम केलं नाही, तर काही रक्कम परत करावी लागते का?

पहिल्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होतं. सरासरीसाठी रजेआधीचे काही महिने धरत असतील आणि नेमक्या त्याच काळात तब्येत बरी नाही म्हणून बिनपगारी रजा घेतली, तर पुढच्या सगळ्या महिन्यांची रक्कम खाली येऊ शकते. त्या काळात आजारपणाची किंवा हक्काची भरपगारी रजा आधी वापरावी.

तिसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. पगार थांबला की पगारातली कपातही थांबते, आणि आरोग्यविमा त्या कपातीवर चालत असेल तर बाळ जन्मायच्या वेळीच पॉलिसी बंद पडण्याचा धोका असतो. रजेचे महिने हे प्रीमियम तुमच्या खात्यातून परस्पर जातील अशी सोय आधीच करून ठेवा.

महिनावार तक्ता

मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे हिशेब समोर घ्या. आठवणीतून खर्च लिहू नका, तो हमखास कमी लिहिला जातो. वर्षातून एकदाच येणारे खर्चही (विमा, कर, वाहनाची देखभाल, शाळेची फी) एकत्र करून १२ ने भागा आणि दरमहाच्या खर्चात मिळवा.

आता एक उदाहरण पाहू. चलन कोणतंही धरा. तिच्या हातात येणारा पगार ४०,०००, त्याचा ५०,०००. घरखर्च वर्षाच्या खर्चांचा वाटा धरून ८०,०००. म्हणजे एरवी महिन्याला १०,००० मागे पडतात. रजा सहा महिन्यांची: पहिले तीन महिने ३०,००० मिळणार, पुढचे तीन बिनपगारी. रजेत तिचा प्रवास आणि बाहेरचं खाणं मिळून ५,००० वाचतात, बाळाचे ८,००० वाढतात. म्हणजे खर्च झाला ८३,०००.

पहिल्या तीन महिन्यांत दरमहा ३,००० ची तूट, पुढच्या तिनांत दरमहा ३३,००० ची. एकूण १,०८,०००. बरेचसे हिशेब इथेच थांबतात, आणि फसतातही इथेच.

यात दोन गोष्टी राहून जातात. पहिली उशिराची. रजेची रक्कम तिसऱ्या महिन्यात एकदम ९०,००० अशी आली, तर दुसऱ्या महिन्याअखेर तूट ६,००० न राहता ६६,००० होते. तिसऱ्या महिन्यात ती पुन्हा ९,००० वर येते खरी, पण मधले दोन महिने काढायला तेवढी रोकड हातात लागते. दुसरी गोष्ट कामावर परतण्याच्या महिन्याची. तिचा पगार महिनाअखेरीस येणार, पण प्रवास, पाळणाघराची पहिली फी आणि अनामत आधीच भरावी लागणार. ८३,००० मध्ये प्रवासाचे ५,०००, फीचे १२,००० आणि अनामतीचे १२,००० मिळवले की त्या महिन्याचा खर्च १,१२,०००. हातात फक्त त्याचे ५०,०००. म्हणजे आणखी ६२,००० ची तूट, आणि एकूण आकडा १,७०,०००. सर्वांत खोल खड्डा रजेत नाही, रजा संपल्यावर पडतो. उभा करायचा निधी १,७०,००० चा आहे, १,०८,००० चा नव्हे.

तुमचा तक्ता लिहिताना प्रत्येक महिन्यापुढे चार रकाने ठेवा: येणारे पैसे, जाणारे पैसे, महिन्याची तूट आणि आतापर्यंतची एकूण तूट. शेवटच्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा हे तुमचं लक्ष्य. प्रसूतीचा खर्च आणि निदान एका महिन्याचा आपत्कालीन घरखर्च त्याच्या बाहेर, वेगळा ठेवा.

आतापासून कमी पैशांत राहून पाहा

तक्ता झाला की लगेच रंगीत तालीम सुरू करा. रजेआधी सहा महिने मिळत असतील तर उत्तम. वरच्याच उदाहरणात दोघांनी महिन्याच्या खर्चातून ८,००० कमी केले, तर त्याचा फायदा दोन्हीकडून होतो. रजेआधी दरमहा १०,००० ऐवजी १८,००० साठतात, सहा महिन्यांत १,०८,०००. आणि रजेच्या सहा महिन्यांसह परतण्याच्या महिन्यातही तोच खर्च कमी राहतो, म्हणजे ५६,००० वाचून लक्ष्य १,१४,००० वर येतं. फरक उरला फक्त ६,००० चा. हेच तीन महिने उशिरा सुरू केलं, तर साठतील ५४,००० आणि ६०,००० कमी पडतील. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यात तक्ता हवा, सातव्यात नको, तो यासाठी.

तारखेवरही फार विसंबू नका. ३७ ते ४२ आठवड्यांत झालेली प्रसूती साधारण वेळेत झाली असं मानतात, आणि जगात दहातलं सुमारे एक बाळ ३७ आठवड्यांआधी येतं. बचतीचा शेवटचा महिना हातात नाहीच असं धरून चाला.

हे पैसे रोजच्या खात्यात ठेवू नका, तिथे ते खर्चात विरघळतात. वेगळं बचत खातं उघडा आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप वळती होईल असं करा. हा पैसा शेअर बाजारात किंवा मोडताना दंड लागेल अशा लांब मुदतीच्या ठेवीत घालू नये. इथे व्याजापेक्षा पैसा वेळेवर हातात येणं मोलाचं आहे.

खर्चाला कात्री लावताना लहानसहान गोष्टींवर जीव जाळण्यापेक्षा आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गण्या, न वापरलेली सदस्यत्वं, दुसरं वाहन, मोठी खरेदी यांच्याकडे आधी बघा. गर्भवतीच्या जेवणात, औषधांत आणि तपासण्यांत मात्र काटकसर करायची नाही.

कर्जांचा क्रमही ठरलेला असावा. क्रेडिट कार्डाची थकबाकी रजेआधी पूर्ण फेडा. तिचं व्याज कुठल्याही बचतीवरच्या व्याजाला गिळून टाकतं. घराच्या कर्जात मात्र या काळात जादा रक्कम भरू नका. व्याज वाचेल हे खरं, पण तो पैसा गरजेला परत मिळत नाही. हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळत असेल, तर ती फुकट नसते हे लक्षात घ्या. दहा लाखांच्या शिलकीवर वर्षाला ९ टक्के दराने तीन हप्ते थांबवले आणि व्याज मुद्दलात मिळवलं गेलं, तर कर्ज साधारण २२,७०० ने वाढतं. तूट दुसऱ्या मार्गाने भरत नसेल तरच हा पर्याय घ्यावा, आणि तोही हप्ता चुकण्याआधी बँकेशी बोलून.

बाळाचा खर्च आणि दवाखाना

नवजात बाळाला सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला ८ ते १२ डायपर लागतात, म्हणजे महिन्याला २४० ते ३६०. म्हणून सवलत दिसली की सर्वांत लहान मापाची खोकी भरून ठेवण्याचा मोह होतो. तो आवरा. बाळ त्या मापातून काही आठवड्यांत बाहेर पडतं आणि उरलेला माल पडून राहतो. लहान मापाचे दोन आठवड्यांचे आणून पुढचं माप बाळाच्या वजनाप्रमाणे घ्यावं. धुऊन वापरायचे लंगोट घेतले तर सुरुवातीला खर्च जास्त होतो, पुढे कमी. तक्त्यात तो पहिल्याच महिन्यात लिहा.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगते. पण काही कारणाने पावडरीचं दूध लागलं, तर खर्च किती वाढेल हे आधी माहीत असलेलं बरं. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिली हा ढोबळ अंदाज. चार किलोच्या बाळाला ६०० मिली, म्हणजे अंदाजे ८० ग्रॅम पावडर, महिन्याला जवळपास अडीच किलो. ही रक्कम तक्त्यात वेगळ्या ओळीत, ‘लागली तर’ म्हणून लिहा. पैसे पुरवण्यासाठी पावडर पातळ कालवायची वेळ येता कामा नये; त्याने बाळाचं पोषण तुटतं आणि जिवाला धोका होतो.

जगात पाचातली एक प्रसूती सिझेरियनने होते. दवाखान्याकडून दोन्ही प्रकारच्या प्रसूतीचा अंदाज लेखी घ्या. त्यात खोलीचं भाडं, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, औषधं, बाळाच्या डॉक्टरांची तपासणी आणि बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर दिवसाचा दर, हे सगळं आहे का ते पाहा. विम्याकडून तीन गोष्टी विचारा: प्रसूतीसाठीचा प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यावर ज्या काळात प्रसूतीचा खर्च मिळत नाही तो) संपला आहे का, बिलातली किती रक्कम तुम्हाला स्वतः भरावी लागते, आणि नवजात बाळाचं नाव पॉलिसीत किती दिवसांत घालावं लागतं. ही मुदत चुकली तर बाळाच्या उपचारांचं बिल घरावर येऊ शकतं.

स्वतःचा व्यवसाय असेल तर

कंत्राटी कामात किंवा स्वतःच्या व्यवसायात रजेचा पगार सहसा नसतोच. ग्राहकाचे पैसे ३० ते ६० दिवसांनी येत असतील, तर शेवटच्या दोन महिन्यांच्या कामाची बिलं काम संपताच पाठवा. तीच रजेतली मिळकत. करासाठी बाजूला ठेवलेला पैसा रजेच्या निधीत धरू नका.

दोघांचा पैसा

घरखर्चात दोघं निम्मं-निम्मं घालत असाल, तर रजेत ही पद्धत मोडते. तिची मिळकत थांबलेली असताना तिने आपल्या बचतीतून निम्मा वाटा भरत राहणं अन्यायाचं आहे. बाळ दोघांचं आहे, तर तुटीचा भारही दोघांचा. रजेत वाटा मिळकतीच्या प्रमाणात ठरवा आणि तिच्या स्वतःच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जाऊ द्या, म्हणजे साध्या खरेदीसाठी तिला विचारावं लागणार नाही. तिच्या निवृत्तीनिधीत मालकाचा वाटा थांबत असेल, तर तेवढी भर घराने घालायचा प्रयत्न करा. हे आकडे मनात ठेवू नका, तक्त्यात ओळ करून लिहा.

रजेच्या आधीच्या शेवटच्या पंधरवड्यात रजेच्या मंजुरीचं पत्र, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती, विम्याचे क्रमांक आणि सगळ्या हप्त्यांच्या तारखा एका फाइलमध्ये ठेवा. ती कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक हवं, कारण त्या दिवसांत दवाखान्यात एक असेल आणि धावपळ दुसऱ्याकडे असेल. रजेत महिन्यातून एकदा, अर्धा तास, तक्त्यातला अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी लिहा. सलग दोन महिने तूट अंदाजापेक्षा जास्त निघाली, तर बिनपगारी रजेचा शेवटचा महिना अर्धवेळ कामाने भरता येतो का, हे तेव्हाच कामाच्या ठिकाणी विचारा.

कामावर परतल्यावरचे पहिले दोन पगार हिशेबात ‘मोकळे’ धरू नका. आधी आपत्कालीन निधी भरून काढा, मग कार्डावर काही चढलं असेल तर ते फेडा, आणि त्यानंतर निवृत्तीनिधीतली थांबलेली भर सुरू करा. रजेमुळे वर्षाची मिळकत घटली असेल आणि कर जुन्या अंदाजाने जास्त कापला गेला असेल, तर वर्षअखेर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. विम्यावर आणि खात्यांवर वारस म्हणून कुणाची नावं आहेत, तेही याच वेळी तपासून घ्या.