सकाळी गाडी उचलत नाही? आधी फ्युएल प्रेशर तपासा

रात्रभर उभी राहिली की माझी पेट्रोल गाडी सकाळी खूप सेल्फ खायची, दुपारी मात्र लगेच चालू. बॅटरी नवीच होती. सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केली, की गाडी पटकन उचलायची. ही खूण महत्त्वाची. चावी ऑन होताच टाकीतला पेट्रोलचा पंप दोनेक सेकंद चालून इंजिनकडे जाणारी पेट्रोलची लाइन भरतो. म्हणजे रात्रीत लाइनमधलं प्रेशर उतरत होतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशर मोजायचा गेज लावला. इंजिन चालू असताना साडेतीन बारच्या आसपास, बंद करताच काटा सरसर खाली. "पंप दमदार हाय, पण धरून ठेवत न्हाई," ते म्हणाले. मग इंजिन पुन्हा चालू करून बंद केलं आणि लगेच टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लॅम्पने दाबला. काटा जागेवर थांबला! दाबूनही उतरला असता, तर इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) गळतोय असं धरायचं. तेव्हा प्लगही पेट्रोलने ओले निघतात. एवढ्या एका चाचणीने इंजेक्टरचा मोठा खर्च वाचला. नायलॉनच्या पाइपवर मात्र क्लॅम्प लावू नका, तडकतो.

दोष टाकीच्या बाजूला, पंपाच्या चेक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पेट्रोल मागे टाकीत परतू न देणाऱ्या झडपेत, निघाला. माझ्या गाडीसाठी तो सुटा मिळाला नाही, म्हणून पंप बदलला. टाकी उघडण्याआधी लाइनचं प्रेशर उतरवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.