गिझर चालू, पाणी गार: कॉइल बदलण्याआधी काय तपासायचं

गिझरचं पाणी तापेना की घरोघरी एकच निदान होतं, 'कॉइल गेली'. पाणी तापवणारी कॉइल जाते हे खरं, पण सॉकेट, कटआऊट (पाणी अति तापलं की वीज तोडणारा), थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा), एवढंच काय, बाथरूममधला गार-गरम पाणी मिसळणारा मिक्सरही दोषी निघू शकतो. क्रमाने तपासलं तर चांगला पार्ट काढून टाकायची वेळ येत नाही. इथलं सगळं 15 ते 25 लिटरच्या, 2000 वॉटच्या टाकीवाल्या गिझरबद्दल आहे.

आधी घड्याळ बघा. 20 अंशांचं 15 लिटर पाणी 60 अंशांवर जायला साधारण 21 मिनिटं लागतात, 25 लिटरला 35. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं तर हीच कॉइल जेमतेम 1200 वॉट देते आणि 21 मिनिटांची 34 होतात. थंडीत सगळ्यांचे गिझर एकदम चालू असताना पाणी कोमट राहत असेल, तर गिझर बिघडलेलाच असेल असं नाही.

मग मिक्सर. याला कुठलंही हत्यार लागत नाही. गिझर बंद करा, त्याच्या गार पाण्याच्या पाइपवरचा कॉक बंद करा आणि फक्त गरम पाण्याचा नळ सोडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. ती चालूच राहिली, तर मिक्सरमधून गार पाणी गरमच्या लाइनीत घुसतंय. गिझर बिचारा पाणी तापवतोय, पण नळापर्यंत ते कोमट होऊन पोचतंय. हे काम प्लंबरचं, वायरमनचं नाही.

आता वीज. गिझरचा एकही दिवा लागत नसेल तर एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) आणि सॉकेट बघा. 2000 वॉटला जवळजवळ 9 अँपिअर लागतात, म्हणून 16 अँपिअरचं सॉकेटच हवं. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. प्लगची पिन काळपट किंवा सॉकेट वितळल्यासारखं दिसलं तर दोन्ही बदला. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, दाखवतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, तुटला असेल तरी टेस्टर पेटतो आणि गिझर मात्र ढिम्म.

इथून पुढे कव्हर उघडायचं आहे. एमसीबी पाडा आणि प्लगही काढा. गिझर थेट वायरीने जोडलेला असेल किंवा मल्टिमीटर (पुढे नुसतं 'मीटर') वापरायची सवय नसेल, तर इथेच थांबून वायरमनला बोलवा. खालच्या सगळ्या तपासण्या वीज पूर्ण तोडूनच करायच्या.

कव्हरखाली कटआऊटचं छोटं बटण असतं. पाणी गार असताना ते दाबा. 'टिक' आवाज आला तर कटआऊट उडालेला होता. पाणी तापायला लागेल, पण तो उडाला का, हे शोधायलाच हवं. बहुतेकदा थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेले असतात आणि तो ठरलेल्या तापमानाला तुटत नाही, किंवा कॉइलवर क्षारांचा जाड थर असतो. पुन्हापुन्हा उडतो म्हणून कटआऊट बायपास करून, म्हणजे त्याला वगळून वायर थेट जोडून, देणारे भेटतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. थर्मोस्टॅट चिकटलेला आणि कटआऊट बायपास केलेला, म्हणजे बंद टाकीत पाणी उकळत राहतं आणि घर फक्त प्रेशर व्हॉल्व्हच्या भरवशावर उरतं.

थर्मोस्टॅटच्या दोन टोकांवर, पाणी गार आणि नॉब पूर्ण वर असताना, मीटरने जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवं. तसं नसेल तर तो बदला; अँपिअर आणि दांड्याची लांबी जुन्याइतकीच घ्या.

कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून मग मोजा. 26 ओहमच्या आसपास आकडा आला तर कॉइल ठीक. काहीच रीडिंग नाही म्हणजे तुटली. नंतर मीटरचं एक टोक कॉइलच्या टर्मिनलला आणि दुसरं टाकीच्या धातूला लावा. इथे रीडिंग यायलाच नको. आलं तर कॉइल अर्थला लागली आहे, म्हणजे तिची वीज टाकीच्या धातूत उतरतेय, आणि तो गिझर लावायचा नाही. काही कॉइल तापल्यावरच लीक होतात, साध्या मीटरवर त्या चांगल्या दिसतात. इथे रीडिंग नाही, तरी आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडतोच, असं असेल तर मेगरने (जास्त व्होल्टेजवर गळती मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या.

कॉइल काढायची तर पाणी गार होऊ द्या, कॉक बंद करा, टाकी रिकामी करा. बोअरच्या पाण्यात कॉइलवर पांढऱ्या क्षारांचं कवच चढतं. आतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून कॉइल फुटते. कॉइल शाबूत असेल तर ती व्हिनेगरमध्ये काही तास बुडवा, टर्मिनल मात्र कोरडे ठेवा. सुरीने खरवडू नका. टाकीऐवजी स्वतः गंजणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजून तार उरली असेल तर तोही याच खेपेस बदला, नाहीतर पुढचा गंज टाकीलाच लागतो. गॅस्केट (पाणी गळू न देणारी रबरी चकती) नवीनच घाला आणि नट समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळा.

गिझर लगेच चालू करू नका. गरम नळ उघडा ठेवून टाकी भरा, हवा न येता सलग धार लागेपर्यंत थांबा. कोरडी कॉइल बघताबघता जळते. नळ बंद करून 10 मिनिटं गॅस्केटच्या कडेने थेंब येतोय का ते बघा, वायरी कोरड्या असल्याची खात्री करा, कव्हर लावा आणि मगच प्लग घाला.