वेसनॉथसाठी केलेला नकाशा किंवा मॉड सर्व्हरवर कसा टाकावा

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा षटकोनी घरांच्या पटावर पाळीपाळीने खेळायचा मुक्त गेम २००३ पासून चालू आहे. त्याच्या आयुष्याचा निम्मा भाग तरी खेळाडूंनी स्वतः केलेल्या नकाशांनी, मोहिमांनी आणि मॉडांनी (गेमचे वागणे बदलणाऱ्या भरींनी) भरलेला आहे. ही सगळी सामग्री, म्हणजे गेमला जोडायची ‘अ‍ॅड-ऑन’, गेममधूनच उघडणाऱ्या अ‍ॅड-ऑन सर्व्हरवर असते आणि तिथे आपली भर टाकायला पैसे किंवा कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही. नकाशा काढणे तुम्हाला येते आणि तो तुमच्या संगणकावर एकदा तरी शेवटपर्यंत खेळून झाला आहे, असे मी धरून चालतो. ज्यांचे तेवढेही झालेले नाही त्यांनी आधी ते करावे. अर्धवट नकाशा टाकून ‘पुढे सुधारणा करीन’ असे वर्णनात लिहिणाऱ्यांचे नकाशे पुढे सुधारलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

आपली सगळी सामग्री ज्यात ठेवता त्या फोल्डरचे नाव पहिल्याच दिवशी पक्के करावे, कारण सर्व्हर अ‍ॅड-ऑनला त्या नावानेच ओळखतो आणि ते नंतर बदलले तर ते नवे अ‍ॅड-ऑन ठरते. फोल्डरच्या आणि आतल्या फाइलींच्या नावांत मोकळी जागा ठेवू नये, आणि फक्त लहान-मोठ्या लिपीचा फरक असलेल्या दोन फाइली ठेवू नयेत. सर्व्हर दोन्ही गोष्टी नाकारतो. ही नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी. नकाशाचे जे नाव खेळाडूला दिसते ते मात्र खुशाल मराठीत द्यावे, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. माझ्या पहिल्या नकाशाचे नाव ‘बोरघाट’ होते आणि ते देवनागरीतच दिसत असे.

मुख्य कॉन्फिग फाइलीत आपल्या फोल्डरसाठी ‘बायनरी पाथ’ सांगायला विसरू नये, नाहीतर तुमच्याच फोल्डरमधली चित्रे आणि नकाशे गेमला सापडत नाहीत. बहुखेळाडू सामग्री ‘मल्टिप्लेअर’च्या अटीत घालावी. आणि प्रत्येक परिस्थितीच्या (‘सिनॅरिओ’, म्हणजे एका डावाची मांडणी), युनिटच्या (पटावरच्या सैनिकाच्या) आणि मॉडच्या आयडीच्या (कोडमधल्या ओळख-नावाच्या) सुरुवातीला आपले दोन-तीन अक्षरी लेबल लावावे, कारण खेळाडूने उतरवलेली सगळी बहुखेळाडू अ‍ॅड-ऑन एकाच वेळी वाचली जातात आणि एकच आयडी दोघांनी वापरला की एकाचे दुसऱ्यावर चढते.

यानंतर येते ती प्रसिद्धीची फाइल. तिचे नाव अंडरस्कोरने सुरू होणारे ‘सर्व्हर’ आणि शेपूट ‘पीबीएल’. विंडोजवर नोटपॅडमधून ती केली, की शेपटीला गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटते आणि फाइलींची शेपटे लपवून ठेवण्याच्या विंडोजच्या सवयीमुळे ते दिसतही नाही. मग अ‍ॅड-ऑन प्रसिद्धीच्या यादीत का येत नाही म्हणून माणूस संध्याकाळभर डोके धरून बसतो. फाइलीत शीर्षक, लेखक, आवृत्ती, प्रकार, वर्णन, ईमेल आणि चिन्ह द्यावे. चिन्ह मूळ गेममधल्या चित्रांतूनच निवडावे, कारण ज्याने तुमचे अ‍ॅड-ऑन अजून उतरवलेलेच नाही त्याच्याकडे तुमचे चित्र कुठून येणार? प्रकार खरा लिहावा: एकच नकाशा असेल तर त्याला नकाशासंच म्हणू नये. वर्णनात किती खेळाडूंचा नकाशा, किती मोठा, साधारण किती पाळ्या चालतो एवढे सांगावे. त्या राज्याचा हजार वर्षांचा इतिहास कोणी वाचत नाही.

पासफ्रेज, म्हणजे नकाशा तुमचाच आहे हे सर्व्हरला पटवणारा पासवर्ड, या फाइलीत लिहिलाच, तर तो साध्या अक्षरांत पडून राहतो हे लक्षात ठेवावे. बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड तिथे वापरू नये, आणि फोल्डर गिटवर (कोड साठवायच्या जागी) सार्वजनिक ठेवत असाल तर ही फाइल आधी वगळावी. त्याच वेळी पासफ्रेजची एक प्रत वहीत लिहून ठेवावी, कारण तो हरवला तर स्वतःच्याच नकाशाची पुढची आवृत्ती टाकता येत नाही आणि सर्व्हर चालवणाऱ्यांना विनवणी करावी लागते.

परवान्याबद्दल कोणी ‘चालतंय की’ म्हणाले तर ऐकू नये. अधिकृत सर्व्हरवर टाकलेले सगळे जीपीएल या मुक्त परवान्याखाली जाते. चित्रे आणि ध्वनी तेवढे क्रिएटिव्ह कॉमन्सखाली ठेवता येतात, पण तेही फोल्डरच्या वरच्या पातळीवर कलेच्या परवान्याची वेगळी फाइल ठेवून किंवा त्या-त्या चित्राशेजारी परवान्याची फाइल ठेवून तसे स्पष्ट लिहिले असेल तरच. सर्च इंजिनवर सापडलेले किल्ल्याचे सुंदर छायाचित्र यांपैकी कशातच बसत नाही.

आता ज्या टप्प्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. सर्व्हरवर फाइल चढवणे हे एका बटणाचे काम आहे. दोन वेगवेगळ्या संगणकांवर तुमचा मॉड तंतोतंत एकसारखा चालणे हे खरे काम आहे, आणि बहुतेक नवशिके तिथेच आपटतात. मीही आपटलो आहे.

वेसनॉथमध्ये पटाची पूर्ण स्थिती एका संगणकावरून दुसऱ्यावर सतत पाठवली जात नाही. पाठवल्या जातात त्या फक्त चाली: अमुक युनिट अमुक घरात गेले, याने त्याच्यावर हल्ला केला. नशिबाचे फासे दोघांकडे सारखे पडावेत म्हणून यादृच्छिक आकड्यांचे बीज सर्व्हर देतो, आणि त्यावरून प्रत्येक संगणक पुढचे सगळे गणित स्वतः करतो. म्हणजे एकच हिशेब दोन वह्यांत चाललेला असतो. तुमच्या मॉडने एका वहीत एक आकडा जरी वेगळा लिहिला, तरी तिथून पुढे दोन डाव होतात आणि कधीतरी ‘आउट ऑफ सिंक’ अशी पाटी झळकते.

माझ्या मॉडमध्ये दर पहाटेच्या फेरीला प्रत्येक बाजूच्या एका युनिटला चार हिट-पॉइंट (जीव मोजणारे गुण) परत मिळत. ते युनिट कोणते, हे ठरवण्यासाठी मी लुआमध्ये (वेसनॉथच्या मॉडांत चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत) सगळ्या युनिटांची यादी त्यांच्या प्रकाराच्या नावानुसार अकारविल्हे लावली होती आणि पहिले उचलले होते. घरी, एकाच संगणकावर आळीपाळीने खेळून, मी वीसेक डाव तपासले, सगळे बिनतक्रार. मग जर्मनीत नोकरी करणाऱ्या मावसभावाबरोबर ऑनलाइन खेळायला बसलो आणि सहाव्या पाळीला डाव फुटला. माझ्या पडद्यावर त्याचा घोडेस्वार मेलेला, त्याच्या पडद्यावर जिवंत. आम्ही पुन्हा सुरू केला, पुन्हा फुटला. तो म्हणाला, ‘तुझ्याकडचं नेट गंडलंय.’ मी राउटर बंद-चालू केला, गेम काढून पुन्हा टाकला, आणि दोन रविवार घालवले.

कारण असे होते की त्याचा गेम जर्मन भाषेत होता आणि माझा इंग्रजीत. युनिटचे नाव हा भाषांतर होणारा मजकूर असल्यामुळे लुआत त्याचे साधे अक्षररूप करताच प्रत्येकाच्या गेमच्या भाषेतले नाव हाती येते, आणि इंग्रजीत पुढे असलेले नाव जर्मनमध्ये मागे जाऊ शकते. पहाटे माझ्या संगणकाने एका युनिटला चार पॉइंट दिले, त्याच्या संगणकाने दुसऱ्याला. तेव्हा काहीच दिसले नाही. पुढच्या एका लढाईत त्या चार पॉइंटांनी एकाला मारले आणि दुसऱ्याला वाचवले, तेव्हा पाटी आली. चूक जिथे झाली तिथून तीन पाळ्या पुढे ती उघडकीला आली, म्हणून मी ती लढाईच्या कोडमध्ये शोधत राहिलो. उपाय एका ओळीचा होता: नावाऐवजी युनिटच्या आयडीने यादी लावायची, कारण आयडीचे भाषांतर होत नाही.

म्हणून पहिले ठाम मत: ‘आउट ऑफ सिंक’चा नेटच्या वेगाशी काहीही संबंध नाही. नेट संथ असेल तर डाव रखडतो, तुटतो. त्याचे दोन डाव होत नाहीत. गेम पुन्हा इन्स्टॉल करण्याचा सल्ला देणाऱ्याचे आभार मानावेत आणि आपला कोड उघडावा.

कोडमध्ये काय शोधायचे? सर्वांत आधी, प्रत्येक संगणकावर वेगळी असू शकणारी कोणतीही गोष्ट पटाच्या स्थितीपर्यंत पोचते का ते पाहावे. गेमची भाषा, घड्याळाची वेळ, पडद्याचा आकार, सध्या कोणत्या बाजूच्या डोळ्यांनी पट दिसतो आहे, यांतले काहीही दाखवण्यासाठी वापरले तर चालते, निर्णयासाठी वापरले की घात होतो. यादृच्छिक आकडा हवा असेल तर लुआची आपली नेहमीची रँडम वापरू नये. गेमने दिलेली ‘मॅथएक्स’मधली वापरावी, ती दोन्हीकडे एकच आकडा देते. लुआच्या टेबलवर ‘पेअर्स’ने फिरताना घटक कोणत्या क्रमाने येतील याची भाषाच हमी देत नाही, तेव्हा क्रम महत्त्वाचा असेल तर आधी आयडीने रांग लावून मगच फिरावे. ही चूक फार फसवी आहे, कारण दहापैकी नऊ वेळा क्रम योगायोगाने सारखाच येतो.

दुसरी जागा म्हणजे इव्हेंट, डावात काही घडले की चालणारा कोडचा तुकडा. खेळाडूने युनिटवर नुसते टिचकी मारून ते निवडले, तरी ‘सिलेक्ट’ इव्हेंट चालतो, पण समोरच्याच्या संगणकावर ती टिचकी कधी पडलेलीच नसते. तिथे सोने दिले, युनिट उभे केले, की फुटलेच समजा. ‘प्रीलोड’ इव्हेंट जतन केलेला डाव उघडतानाही चालतो, म्हणून तिथेही पट बदलू नये. खेळाडूला प्रश्न विचारायचा असेल तर नेहमीचा मेसेज आणि त्यातले पर्याय पुरतात, त्यांचे उत्तर गेम स्वतःच सर्वांना कळवतो. स्वतःचा लुआ डायलॉग दाखवणार असाल तर त्याचे उत्तर ‘सिंक’ विभागातल्या फंक्शनमधून सर्वांकडे पोचवणे तुमची जबाबदारी.

तिसरी गोष्ट कोडची नाही, पण परिणाम तोच. ज्याच्याकडे तुमचे अ‍ॅड-ऑन नाही असा खेळाडूही डावात येऊ शकतो, कारण यजमानाकडून परिस्थितीची फाइल त्याला मिळते. तुमच्या वेगळ्या लुआ फाइली आणि चित्रे मात्र मिळत नाहीत. परिस्थितीत ‘रिक्वायर सिनॅरिओ’ला होकार द्यावा, मॉड असेल तर ‘रिक्वायर मॉडिफिकेशन’ला. मूळ सेटिंग नकाराची असते आणि ती बदलायला अनेक जण विसरतात.

आणि हे सगळे तपासायचे कसे? एकाच संगणकावर आळीपाळीने खेळून तर मुळीच नाही, कारण तिथे वही एकच असते. गेम दोनदा उघडावा, एकातून स्थानिक यजमान व्हावे आणि दुसऱ्यातून त्याला जोडून घ्यावे. दुसरा गेम उघडताना कमांड लाइनवरून त्याला वेगळा यूजर-डेटा फोल्डर (खेळाडूची सामग्री आणि जतन केलेले डाव जिथे असतात तो) द्यावा, नाहीतर दोन्ही गेम एकाच फोल्डरमधून वाचतात आणि तुमची गहाळ फाइल दोघांनाही सापडते. दुसऱ्या गेमची भाषा मुद्दाम वेगळी ठेवावी. वीस पाळ्या खेळाव्यात, मध्ये डाव जतन करून पुन्हा उघडावा, आणि शेवटी रिप्ले (नोंदलेल्या चालींवरून डाव पुन्हा दाखवणारी फाइल) सुरुवातीपासून पळवून पाहावा. रिप्ले फुटत असेल तर ऑनलाइन डावही फुटणार. याला एक दुपार लागते. माझे दोन रविवार गेले होते.

समतोलाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो डाव खेळूनच कळतो. दोन खेळाडूंचा नकाशा १८० अंशांत फिरवून सारखा दिसेल असा करावा; आरशातल्यासारखा अर्धा उलटवला तर षटकोनांमुळे एखाद्या बाजूला एक घर जवळचे पडू शकते. दिवस-रात्रीचे चक्र सहा पाळ्यांचे आहे आणि त्यात दिवसाळू युनिटांना उजेडात २५ टक्के जास्त जोर मिळतो, निशाचरांना रात्री. तेव्हा दोन सेना कोणत्या प्रहराला भिडतात, हे तुमच्या नकाशाची लांबी ठरवते. ती मोजून ठेवावी.

आता अपलोड. अ‍ॅड-ऑनच्या खिडकीत आपले नाव शोधावे, ‘प्रसिद्ध करा’ दाबावे, अटी वाचाव्यात. झाले. लगेच त्या दुसऱ्या, कोऱ्या यूजर-डेटाच्या गेममधून ते सर्व्हरवरून उतरवून एक डाव सुरू करून पाहावा.

पुढची प्रत्येक दुरुस्ती टाकताना आवृत्तीचा आकडा वाढवावा, स्वल्पविराम बदलला असला तरी, कारण खेळाडूच्या गेमला नवे काही आले आहे हे त्या आकड्यावरूनच कळते. कोणी ‘तुमचा नकाशा चालत नाही’ असे कळवले तर त्याच्याशी वाद घालण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: रिप्ले फाइल, गेमची आवृत्ती, अ‍ॅड-ऑनची आवृत्ती. रिप्लेशिवाय आलेल्या तक्रारीवर मी आता वेळ घालवत नाही.

एक गोष्ट दर दोन-तीन वर्षांनी करावी लागते. १.१४, १.१६, १.१८ अशा प्रत्येक स्थिर मालिकेचा अ‍ॅड-ऑन सर्व्हर वेगळा आहे आणि जुन्यावरचे नव्यावर आपोआप जात नाही. नवी मालिका आली की तुमचे फोल्डर तिच्या यूजर-डेटामध्ये आणावे, जुनी ठरलेली लुआ फंक्शने बदलावीत, वरची दोन गेमांची चाचणी पहिल्यापासून करावी आणि मगच नव्या सर्व्हरवर टाकावे. जुन्या सर्व्हरवरची प्रत काढू नये. त्या मालिकेवर अजून खेळणारे असतात, आणि त्यांच्याकडे अर्धा झालेला, जतन करून ठेवलेला डावही असतो.