दसऱ्यानंतर मॅट अंथरताना
दसरा झाला की आमच्या क्रिकेट क्लबची पोरं नारळ फोडून लगेच खेळायला बघतात. मी अडवतो. आधी खेळपट्टी टेपनं मोजा, २२ यार्ड, पावलांनी नको. पावसानं उघडे पडलेले खडे वेचा, खड्ड्यांत बारीक माती भरून पाणी मारा, रात्रभर मुरू द्या. सकाळी माती अंगठ्याला चिकटेनाशी झाली की रोलर फिरवा.

मग खेळपट्टीवर मॅट चौघांनी ताणायची. खिळे आधी एका टोकाला, मग समोर, बाजूचे शेवटी. सुरकुती राहिली तर चेंडू उसळून तोंडावर येतो. आमच्या यष्टिरक्षकाचा दात गेला, ते अजून मनाला लागतं.

रोलर ओढताना नव्या पोरांना आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा सांगा. मिसळ क्लबच्या वर्गणीतून.