साथीच्या दिवसांत गल्लीतली नाजूक माणसं कशी सांभाळायची

इंदूरच्या जुन्या भागात मी एकतीस वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राची वस्तीत फिरणारी नर्स होते. त्यातली शेवटची दोन वर्षं कोरोनात गेली. आता निवृत्त झाले, तरी नव्याने लागलेल्या आशा कार्यकर्त्या आणि मदतीला येणारी कॉलेजची मुलं विचारतात, "सिस्टर, पुन्हा असं काही आलं तर सुरुवात कुठून करायची?" मी त्यांना आधी एक दोनशेपानी वही आणायला सांगते.

वही साथ येण्याआधी भरायची. मार्च २०२० मध्ये शहर बंद झालं तेव्हा आमच्याकडे गरोदर बायांची आणि लसीच्या बाळांची नोंद चोख होती. एकटी राहणारी म्हातारी माणसं मात्र कुठल्याच रजिस्टरात नव्हती. आणि आपल्या मराठी वस्त्यांत अशी घरं किती आहेत! रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या. मुलगा पुण्याला, मुलगी अमेरिकेत, आणि इथे मोठ्या घरात दोघं किंवा एकच. घर पक्कं, पेन्शन येते, म्हणून सर्वेवाल्याला ही माणसं गरजू वाटतच नाहीत. त्यांची नावं वहीत सगळ्यात आधी घाला. मग डायलिसिसवाले, टीबीचं औषध चालू असलेले, दमेकरी, अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया, आणि भाड्याच्या एका खोलीत सहा-सात जण राहणारी मजुरांची कुटुंबं.

एका माणसाला एक पान. वय आणि आजार लिहालच. त्याखाली रोजच्या गोळ्यांची नावं, घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, ऐकू कमी येतं का, परगावच्या मुलाचा नंबर, आणि हाकेच्या अंतरावरचा एक तरुण शेजारी. शेजाऱ्याला विचारून, त्याचा होकार घेऊनच त्याचं नाव लिहा. माणूस बरा असताना त्याचा ऑक्सिजन किती असतो तेही टिपून ठेवा. जुन्या दमेकऱ्याचा आकडा एरवीच कमी असू शकतो. पुढे तो घसरला की नाही हे या नोंदीवरूनच कळतं.

रोजच्या फेरीचा क्रम ठरलेला हवा. सकाळी ताज्या मास्कने आधी वहीतली निरोगी म्हातारी माणसं, आणि तापाची घरं सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर आजार तुमच्याच पायांनी आजीच्या ओट्यावर जाईल. घरात शिरू नका, मोकळ्यावर उभं राहून बोला. मास्क घट्ट एन-९५ हवा. चहाचा आग्रह होतोच, "आजी, साथ संपली की पोहे खायलाच येते" म्हणायचं आणि पुढे जायचं. आणि गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी वाजवा, फक्त बाधितांच्या नाही, नाहीतर आजार कोणाकडे आहे ते गल्लीला कळतं. २०२० मध्ये बाधितांच्या घरांवर नोटिसा लागायच्या, बांबू आडवे बांधले जायचे, आणि त्या धास्तीने लोकांनी खोकला लपवला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नोटिसा सरसकट लावू नका म्हणून सांगितलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता काय विचारायचं ते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. एप्रिल २०२१ मध्ये एका घरी मी दारातून विचारलं, "आजींना ताप आहे का?" सून म्हणाली, "नाही हो ताई, नुसत्या झोपून आहेत. काल दोनदा मला नणंदेच्या नावाने हाक मारली." मी 'ताप नाही' लिहून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन, ऑक्सिमीटर, लावलं तर ८२. आजी वाचल्या, सतरा दिवसांनी घरी आल्या, पण तो गेलेला एक दिवस मला अजून बोचतो. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. तो जेवत नाही, भलतंच बोलतो, उगाच पडतो, दिवसभर झोपतो. म्हणून विचारा: काल रात्री काय जेवलात? उठून संडासला स्वतः गेलात का? आज वार कोणता? आणि शक्यतो त्यांच्याच तोंडून ऐका, सुनेच्या नाही.

ऑक्सिमीटर घरोघरी आलं, पण वापरायला कोणी नीट शिकवलं नाही. माणसाला आधी पाच मिनिटं बसवा, हात गार असेल तर चोळून ऊब आणा, नेलपॉलिश पुसा, मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट शोधा. आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. मशीनवर दोन आकडे असतात, त्यातला एक नाडीचा. एका काकांनी दोन दिवस नाडी ९६ वाचून 'ऑक्सिजन छान आहे' सांगितलं होतं. शिवाय ते आकडे इंग्रजी असतात, त्यामुळे मशीन उलटं धरलं तर ८६ चे ९८ दिसतात! म्हणून पहिल्या दिवशी स्वतः लावून दाखवा, मग त्यांच्याकडून करवून घ्या. आकडा ९४ च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टर. ९० च्या खाली असेल तर वाट न बघता १०८. गाडी येईपर्यंत पालथं झोपवलं तर बऱ्याच जणांना श्वास सोपा जातो, पण गरोदर बाईला पालथं नको, डाव्या कुशीवर. एका घरातून दुसऱ्या घरी नेताना मशीन स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, दरवेळी.

साथीत माणसं साथीच्याच आजाराने जातात असं नाही. बीपीची गोळी संपली आणि बाहेर पडायची भीती वाटली, एवढंही पुरतं. "औषध आहे ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात. पाकीट बाहेर आणायला लावा आणि गोळ्या मोजा. आठवड्याच्या उरल्या की आणायची सोय करा. डायलिसिसचा वार चुकता कामा नये; त्याच्या गाडीचं आदल्या संध्याकाळी ठरवा. किराण्यासाठी आपल्याकडे कचरागाडीवाल्याकडे यादी द्यायची सोय झाली होती, पण ज्यांना दिसत नाही, लिहिता येत नाही, त्यांची यादी तुम्हीच लिहा.

मधुमेह्यांच्या पानाला लाल खूण करा. कोरोनाच्या उपचारात दिलेल्या स्टेरॉइडने साखर चढते, चढलेल्या साखरेत काळी बुरशी फावते, आणि मे २०२१ मध्ये तिने इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलचे वॉर्ड कसे भरले ते आम्ही पाहिलं. हॉस्पिटलातून घरी आल्यावरही साखर तपासत राहा. एका बाजूचा चेहरा दुखणं, डोळा सुजणं, नाकातून काळपट येणं, दात हलणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पाठवा.

एक पिशवी मात्र प्रत्येक नाजूक घरात दाराशी तयार ठेवायला लावा. आधार आणि आयुष्मान कार्डाच्या प्रती, गोळ्यांची यादी, चार्जर, कवळीची डबी, चष्मा, कानाचं मशीन. घाईत गाडीत बसवलेली माणसं कानाच्या मशीनविना वॉर्डात पडून राहिली, मास्कमधून बोलणाऱ्या नर्सचं त्यांना काही ऐकू येईना, आणि ती भ्रमिष्ट आहेत असं समजलं गेलं. मुलाचा नंबर कागदावर लिहून खिशात घाला. मोबाईलची बॅटरी उतरते.

लसीचंही या वहीवरूनच. मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांचं सुरू झालं तेव्हा ज्यांच्या घरात स्मार्टफोन होता ते आधी पोचले. बाकीच्यांना आम्ही हाताला धरून नेलं, आणि त्यांच्या पानावर दुसऱ्या डोसची तारीख लिहिली. ती मध्ये दोनदा बदलली, कारण कोविशील्डमधलं अंतर वाढवत वाढवत मे महिन्यात १२ ते १६ आठवड्यांवर नेलं. प्रत्येक बदल घरी जाऊन सांगावा लागला.

वही शाळेच्या वहीसारखी कुठेही टाकू नका. त्यात लोकांचे आजार आहेत, घराच्या किल्ल्या कुठे असतात ते आहे. कपाटात कुलपात ठेवा, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आणि तुम्ही स्वतः आजारी पडलात तर ती कोणाच्या हाती जाईल, ते नाव पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.